बैल माती का उकरतो? – एका 'स्'ची गोष्ट

एक साधा प्रश्न. सम् + कृत = ? संधीचे नियम लावले तर उत्तर येतं 'संकृत'. पण आपण म्हणतो 'संस्कृत'. मग मधला हा 'स्' आला कुठून?

"नमस्कारात येतो तसाच," असं कुणी म्हणेल, तर जरा थांबा. नमस्कार, पुरस्कार आणि तिरस्कार या तिन्ही शब्दांत 'स्' आधीपासूनच होता. मूळ शब्दच मुळी नमस्, पुरस् आणि तिरस्. म्हणजे तो घरचा 'स्'. 'सम्'च्या अंगात मात्र 'स्' नाही आणि 'कृत'च्याही नाही. तरीही मध्ये तो येऊन बसलाय, नटबोल्टच्या मध्ये वॉशर बसावा तसा. अशा बाहेरून आलेल्या 'स्'ला संस्कृत व्याकरणात 'सुट्' म्हणतात. यातला 'उ' उच्चाराच्या सोयीसाठी, आणि 'ट्' ही खूण. हा वर्ण पुढच्या भागाच्या सुरुवातीला जोडायचा, एवढंच ती खूण सांगते. प्रत्यक्षात शब्दात उतरतो तो फक्त 'स्'.

आता गंमत अशी, की 'संस्कृत' या भारदस्त शब्दात बसलेला हा सुट् आणखी एका ठिकाणी भेटतो. कुठे, तर बैल खुराने माती उकरतो, कोंबडी पायाने जमीन खरवडते आणि कुत्रं बसण्यापूर्वी पंजाने खड्डा करतं, तिथे! जनावरांच्या या उकरण्यासाठी संस्कृतात एक खास क्रियापद आहे : अपस्किरते. आजचा धडा याच शब्दावर. (घाबरू नका, व्हायवा नाही.)

१) शब्द सुटा करून पाहू

अपस्किरते = अप + स् + किर + ते.

मूळ धातू 'कॄ' (दीर्घ ॠवाला). अर्थ : विखुरणे, उधळणे, पसरून टाकणे. 'करणे' या अर्थाचा 'कृ' (र्‍हस्व ऋवाला) वेगळा. 'संस्कृत'मध्ये आहे तो 'कृ', आणि बैलाच्या वाट्याला आलेला तो 'कॄ'. भावंडं नव्हेत, पण नावं सारखी. आपल्या वर्गात एकाच नावाची दोन मुलं असतात, तसं.

'कॄ' आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण हे शब्द त्याचेच. परंपरेने 'किरण' शब्दही याच धातूवरून साधतात. जे चहूकडे उधळले जातात ते किरण.

मागे 'अप' हा उपसर्ग, म्हणजे 'दूर, बाजूला'. म्हणून 'अपकिरति' म्हणजे बाजूला उधळतो, विखरून टाकतो. इथपर्यंत सरळ आहे. पण तेच काम एखादं जनावर पायाने जमीन खरवडून करत असेल, तर शब्दात दोन बदल होतात. मध्ये 'स्' शिरतो आणि शेवटचा 'ति' जाऊन 'ते' येतो.

२) पाणिनीची अट

पाणिनी हा इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमाराचा वैयाकरण. गाव शलातुर, ते आजच्या पाकिस्तानच्या वायव्य भागात येतं. त्याच्या 'अष्टाध्यायी'त सुमारे ४००० सूत्रं आहेत. सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात या सुट्‌ची सूत्रं ओळीने येतात. त्यांतलं १४२वं सूत्र आपलं.

सूत्राचा आशय आपल्या भाषेत मांडायचा तर असा :

जर उपसर्ग 'अप' असेल,
आणि धातू 'कॄ' असेल,
आणि कर्ता चौपाया प्राणी किंवा पक्षी असेल,
आणि अर्थ 'खरवडणे' असेल,
तर 'क'च्या आधी 'स्' घाला.

सी शिकवणाऱ्या सरांना दाखवलंत तर एवढंच म्हणतील, की कंस कुठे आहेत! आणखी एक खुबी पाहा. या सूत्रात 'कॄ' धातूचं नावच घेतलेलं नाही. ते दोन सूत्रं आधी, १४० क्रमांकाला आलंय आणि तिथून खाली वाहत येतं. याला 'अनुवृत्ती' म्हणतात. एकदा सांगितलं की पुन्हा लिहायचं नाही. (जर्नल लिहिताना ही सोय आपल्याला नाही, हे दुर्दैव.)

पाणिनीच्या या पद्धतीकडे संगणकवाल्यांचंही लक्ष गेलं होतं. प्रोग्रॅमिंग भाषांचं व्याकरण लिहिण्याची जी 'बॅकस-नॉर फॉर्म' आपण कंपायलरच्या विषयात शिकतो, तिला 'पाणिनी-बॅकस फॉर्म' म्हणावं, अशी सूचना पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ साली 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात केली होती. नाव रुजलं नाही, पण सूचना छापील नोंदीत आहे.

३) कात्यायनाचा 'पॅच'

पाणिनीनंतर आला कात्यायन. त्याचं काम आजच्या भाषेत टेस्टिंगचं. सूत्र कुठे कमी पडतं, कुठे जास्त पसरतं, हे बघून तो पुरवणी वाक्यं जोडतो. त्यांना वार्तिकं म्हणतात. ती आपल्याला पतंजलीच्या 'महाभाष्या'त मिळतात.

कात्यायन विचारतो, की जनावर पायाने उकरतंय एवढं पुरेसं आहे का? आणि तो तीन कारणं ठरवून देतो : हर्ष, जीविका आणि कुलायकरण. म्हणजे आवेश, पोट आणि घर. ('कुलाय' म्हणजे घरटं.) या तिन्हींपैकी एखाद्या कारणासाठी उकरणं चाललं असेल, तरच 'ति'च्या जागी 'ते' येतो, म्हणजे धातू आत्मनेपदात जातो. 'स्'लाही हीच अट लागते, असं नंतरच्या टीकाकारांनी स्पष्ट केलं. आत्मनेपद या नावातच 'स्वतःसाठी' हा अर्थ आहे. जनावर उकरतं ते स्वतःसाठी, हे क्रियापदाच्या शेपटीतच सांगून ठेवलंय.

सातव्या शतकाच्या सुमारास जयादित्य आणि वामन यांनी लिहिलेली 'काशिका' ही टीका या तीन कारणांना तीन प्राणी देते. आवेशात आलेला बैल. भक्ष्य शोधणारा कोंबडा. निवारा शोधणारा कुत्रा. तिघांनाही 'अपस्किरते'.

आणि उलट उदाहरणंही देते. व्याकरणाच्या उदाहरणांत नेहमी राबणारा देवदत्त काही उधळू लागला, तर तो नुसता 'अपकिरति', कारण तो दोन पायांचा, आणि पक्षीही नाही. पोट भरलेला कुत्रा भाताचा गोळा उधळत असेल, तर तोही 'अपकिरति'. प्राणी चौपायाच, पण कारण तिन्हींपैकी एकही नाही. आपल्या मेसमध्ये ताटात भात टाकून उठणाऱ्यांनी हे उदाहरण विशेष लक्षात ठेवावं. त्यांना 'स्' मिळणार नाही.

भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धान्तकौमुदी'त (सतरावं शतक) एक हत्तीही येतो. त्याला 'अपकिरति'च. हत्ती सोंडेने धूळ उचलून पाठीवर उडवतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ऊन आणि किडे यांपासून कातडी वाचवण्याचा तो उपाय. चार पाय आहेत, धूळही उडते, पण पायाने जमीन खरवडणं नाही. म्हणून 'स्' नाही.

४) पण बैलाला कसला आनंद?

इथे एक शंका येते, आणि ती यायलाच हवी. शेतकऱ्याच्या घरातलं कुणीही सांगेल, की बैल मान खाली घालून, डुरकत, पुढच्या खुराने माती मागे फेकायला लागला की तो आनंदात नसतो. तो अंगावर येण्याच्या बेतात असतो. मग 'हर्ष' कसा?

उत्तर 'हर्ष' शब्दातच आहे. आज आपण हर्ष म्हणजे आनंद एवढंच समजतो. पण 'हृष्' धातूचा जुना अर्थ अंगावरचे केस उभे राहणे, अंग फुलून येणे. मराठीत 'रोमहर्षक' शब्द आहेच. रोमहर्षक सामना म्हणजे अंगावर काटा आणणारा सामना. केसांना आनंद झाला असं आपण म्हणत नाही. इंग्रजीतला 'हॉरर' ज्या लॅटिन धातूवरून आला, तो आणि हा 'हृष्' एकाच मुळाचे मानतात. तेव्हा 'हृष्ट' बैल म्हणजे खूश बैल नव्हे. तो अंगात आवेश संचारलेला, मस्तावलेला बैल.

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारेही आज तेच सांगतात. वळू प्रतिस्पर्ध्यासमोर आडवा उभा राहून अंगाचा आकार दाखवतो, मान खाली घेतो, खुराने माती उकरून पाठीवर फेकतो. ही धमकी असते, हल्ल्याच्या आधीची. लढाई न करताच समोरचा मागे हटला तर दोघांचाही फायदा. म्हणून समोर बैल माती उकरायला लागला तर पाठ फिरवून पळू नका, ओरडू नका, त्याच्यावर नजर ठेवून सावकाश मागे सरका. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी हे वाक्य व्याकरणासाठी नाही, हातापायांसाठी लक्षात ठेवावं.

कोंबडीचं तसं नाही. तिचं उकरणं निव्वळ पोटासाठी. एक-दोन वेळा पायाने खरवडायचं, मागे सरकायचं, खाली बघायचं, टिपायचं. आईशिवाय, यंत्रात उबवलेली पिल्लंसुद्धा थोड्याच दिवसांत हे करू लागतात. म्हणजे ही जीविका शिकवावी लागत नाही.

कुत्रं गोल फिरून, पंजाने माती उकरून मग बसतं. वरची तापलेली माती बाजूला केली की खाली गारवा मिळतो, आणि अंगाच्या आकाराची जागाही होते. हेच ते कुलायकरण.

पायाने जमीन खरवडण्याची हालचाल तिघांचीही साधारण तीच. कारणं मात्र तीन. हे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला जास्त सांगायला नको. पंप थरथरतोय, हे दिसतं. पण शाफ्ट वाकडा आहे, बेअरिंग गेलंय, की पाया सैल झालाय, हे शोधावं लागतं. लक्षण एक, कारणं अनेक. सूत्रांच्या या अभ्यासकांनी अंगणातल्या जनावरांकडे याच नजरेने पाहिलं होतं.

५) हा शब्द मराठीत आला का?

'अपस्किरते' जसाच्या तसा मराठीत आला नाही. पण त्याचं सख्खं भावंड आलं, आणि आपण ते रोज वापरतो.

'अप'च्या जागी 'उत्' म्हणजे 'वर' हा उपसर्ग लावा : उत् + किरति = उत्किरति, वर उधळतो, खणून वर काढतो. प्राकृतात त्याचं 'उक्किरइ' झालं आणि मराठीत 'उकरणे'. कोंबडी उकरते, कुत्रं उकरतं, आणि माणसं जुनी भांडणं उकरून काढतात!

याच घराण्यातला 'उकीर' म्हणजे उंदराने बिळातून बाहेर काढलेली माती. आणि 'उकिरडा'ही त्यांतलाच. वैदिक यज्ञात वेदी तयार करताना निघालेली माती-कचरा जिथे टाकत, त्या जागेला 'उत्कर' म्हणत. त्याच मुळाचा आपला उकिरडा आणि गुजरातीतला उकरडो. म्हणजे कोंबडी उकिरड्यावर उकरते, हे वाक्य व्युत्पत्तीच्या दृष्टीने एकाच धातूचा दोनदा उच्चार आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. याचे तर थेट यज्ञापर्यंत फिटले.

शिलालेख 'उत्कीर्ण' केला असं इतिहासाच्या पुस्तकात वाचतो, तोही हाच शब्द. छिन्नीने खरवडून वर काढलेलं ते उत्कीर्ण. आणि पाणिनीने या सूत्रात खरवडण्यासाठी जो शब्द वापरला, तो आहे 'आलेखन'. 'लिख्'चा जुना अर्थच मुळी ओरखडणे. आलेख कागदावर आपण जो आलेख काढतो, तोही मुळात ओरखडाच. आपल्यापैकी काहींचे आलेख पाहिले, तर कोंबडीची आठवण येते ती उगाच नाही.

'वि' लावून झाला 'विष्किर', म्हणजे विखरून खाणारा पक्षी. चरकसंहितेत मांसासाठी प्राण्यांचे आठ गट केले आहेत, त्यांत लावा, तित्तिर, मोर, कोंबडा यांचा गट 'विष्किर', आणि चोचीने टोचून खाणाऱ्यांचा गट 'प्रतुद'. हे दोन गट पाडले ते रंगावरून नव्हे, खाण्याच्या पद्धतीवरून.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. इंग्रजीत जनावराच्या पंजाला 'पॉ' आणि अशा उकरण्याला 'पॉइंग' म्हणतात. 'पॉ' आणि 'पाय', 'पाऊल' हे किती जवळचे वाटतात! पण नातं नाही. 'पाय' आला 'पाद'वरून, आणि त्याचा इंग्रजी नातलग म्हणजे 'फुट'. 'पॉ' आला जुन्या फ्रेंचमधून, आणि त्याचं मूळ बहुधा जर्मन-डच बाजूचं. उलट आपला 'पंजा' फारसीतून आला, 'पंज' म्हणजे पाच यावरून, आणि हा 'पंज' संस्कृत 'पञ्च'चा खरा नातलग. उच्चार जुळतो म्हणून नातं जोडायचं नसतं. नियमाने जुळलं तरच जोडायचं.

६) आणि शेवटी, लोलक

आता या धड्यातला सगळ्यात जवळचा भाग. आपल्यातले बरेच जण मराठी माध्यमातून आलेत. दहावीच्या विज्ञानात लोलकातून पांढरा प्रकाश जातो आणि सात रंग बाहेर पडतात. त्या क्रियेचं नाव आठवतंय? प्रकाशाचे अपस्करण!

पाठ केलेला शब्द. पहिल्या वर्षाच्या फिजिक्सला आल्यावर तो 'डिस्पर्शन' झाला आणि आपण अपस्करण विसरून गेलो. काहींना तर तो कुठे उच्चारायचीही लाज वाटू लागली. अवघड, पुस्तकी, कुणी बनवलाय कोण जाणे!

आता तो सुटा करा : अप + स् + करण. दूर, बाजूला, उधळणे. मधला 'स्' तोच. बैलाच्या खुराखालची माती जशी उडते, तसे लोलकातून रंग उधळले जातात. शब्द कळला की चित्र दिसतं, आणि चित्र दिसलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

(कात्यायन असता तर त्याने हरकत घेतली असती हे खरं. लोलक चौपाया नाही, पक्षी नाही, त्याला आवेश नाही, भूक नाही, घर बांधायचं नाही. कडक नियमाने 'स्' मिळायला नको होता. पण संज्ञा म्हणून एकदा शब्द ठरला की त्याला स्वतःचं आयुष्य मिळतं. याच पादातल्या १४९व्या सूत्रात 'अपस्कर' हा रथाच्या एका भागासाठीचा शब्द खुद्द पाणिनीनेच तयार, जसाच्या तसा नोंदवून ठेवलाय.)

मराठी माध्यमाची दहा वर्षं म्हणजे पहिल्या सेमिस्टरला पुसून टाकायची पाटी नव्हे. इंग्रजी संज्ञा शिकायच्याच, त्याशिवाय पेपर सुटणार नाही आणि नोकरीही मिळणार नाही. पण आपल्याकडे त्याच कल्पनेचा दुसरा शब्द आहे, आणि तो उघडून पाहता येतो, ही अडचण नाही. ती जादा मिळालेली किल्ली आहे. ज्यांना मूळ खाणीत उतरायचंय, त्यांच्यासाठी महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी अख्ख्या महाभाष्याचा मराठी अनुवाद करून ठेवलाय.

स्वाध्याय

खालील ठिकाणी 'अपस्किरते' की 'अपकिरति', ते कारणासह सांगा.

(अ) मेसमागच्या उकिरड्यावर दाणे शोधत उकरणारी कोंबडी.
(आ) दुपारी पार्किंगच्या सावलीत खड्डा करून बसणारं कुत्रं.
(इ) नव्या इमारतीच्या जागी माती उपसणारा जेसीबी. (त्याला चार चाकं आहेत, अशी सबब चालणार नाही.)
(ई) सबमिशनच्या आदल्या रात्री खोलीभर कागद उधळणारा रूममेट.

उत्तरं : (अ) अपस्किरते, जीविका. (आ) अपस्किरते, कुलायकरण. (इ) अपकिरति, कर्ता प्राणीच नाही. (ई) अपकिरति. आवेश कितीही असला, तरी पाय दोनच.